लाल रेघेवरचे शब्द

आमच्या शाळेत दरवर्षी श्रावणात शुद्धलेखनाची स्पर्धा होते. मी शिक्षक म्हणून रुजू झालो त्याच्याही आधीपासून ती चालत आलेली आहे. पद्धत साधी. एक उतारा सावकाश वाचून दाखवायचा, मुलांनी तो उतरून घ्यायचा आणि प्रत्येक अशुद्ध शब्दाला अर्धा गुण कापायचा. मुख्याध्यापक झाल्यावर वर्गावरचे तास कमी झाले, पण या स्पर्धेचे पेपर मी दुसऱ्या कोणाच्या हाती कधी दिले नाहीत. लाल शाईचे पेन हातात घेऊन बसण्यात एक सुख असते. ते फारसे उदात्त नाही, हे मला आता कळू लागले आहे.

गेल्या श्रावणात नववीतल्या एका मुलीचा पहिला क्रमांक अर्ध्या गुणाने हुकला. बक्षीस समारंभानंतर दोन दिवसांनी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. एका हातात तपासलेला पेपर, दुसऱ्या हातात दुसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र.

“सर, आत येऊ?”

“ये.”

तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पेपरात ‘विद्यार्थीनी’ या शब्दाभोवती माझे लाल वर्तुळ होते आणि समासात वजा अर्धा. प्रमाणपत्रावर छापलेले होते, ‘इयत्ता नववीची विद्यार्थीनी कुमारी अमुक अमुक हिने शुद्धलेखन स्पर्धेत...’ आणि खाली माझी सही, शिक्क्यासकट.

“ह्याला माझा अर्धा मार्क कापलासा सर. मग ह्याच्यावर सही कशी केलासा?”

विचारण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणालो, “कॉम्प्युटरची चूक आहे ती. बदलून देतो.”

ती कागद उचलून जायला निघाली आणि दारात थांबून म्हणाली, “बोर्डावर पण असंच लिवलेलं असतंय की सर. ते बघूनच मी लिवलं.”

ती गेल्यावर मी व्हरांड्यात जाऊन फलक पाहिला. तीन सूचना लावलेल्या होत्या. एकीत ‘सर्व विद्यार्थीनींनी’, दुसरीत ‘विद्यार्थीनींसाठी आरोग्य तपासणी’. तिसरी सायकलींबद्दल होती, म्हणून वाचली.

आता हा शब्द चूक का, ते थोडक्यात सांगतो. वाचकांपैकी अर्ध्यांनी तो आयुष्यभर असाच लिहिला असेल, आणि त्यात त्यांचा फार दोष आहे असेही नाही. मूळ संस्कृत शब्द ‘विद्यार्थिन्’. मराठीत येताना शेवटचा ‘न्’ गळतो आणि ‘र्थि’ दीर्घ होऊन ‘विद्यार्थी’ होतो. स्त्रीलिंगी रूपात मात्र तो ‘न’ परत येतो आणि ‘र्थि’ ऱ्हस्वच राहतो : विद्यार्थिनी. गोंधळात भर म्हणजे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी समासात ‘विद्यार्थीमंडळ’ असे दीर्घ लिहायला सांगितले आहे. 1962 साली 14 नियम झाले, 1972 साली आणखी 4 आले, आणि ते 18 नियम सीमेच्या अलीकडे आम्हीही इमानाने शिकवत आलो. मी तीस वर्षे शिकवत आलो. तेव्हा हा शब्द मला ठाऊक नव्हता असे म्हणायची सोय नाही.

मग यंत्राने तो सोडला कसा? आमच्या कार्यालयात मायक्रोसॉफ्ट वर्डवर काम चालते, त्यात मराठीची तपासणी बसवून घेतलेली आहे. शब्द अशुद्ध असला की खाली लाल नागमोडी रेघ येते. आमचे क्लार्क घरी कन्नड बोलतात आणि मराठी माझ्यापेक्षा सावधपणे लिहितात. त्यांना बोलावून मी म्हणालो, “ह्याची तपासणी बिघडलेली दिसते.”

त्यांनी दोन-चार शब्द मुद्दाम चुकीचे टंकून पाहिले. रेघा आल्या. मग ‘विद्यार्थिनि’ असे शेवट ऱ्हस्व करून लिहिले. रेघ आली. त्यावर उंदराचे उजवे बटण दाबले की यंत्र पर्याय सुचवते. सुचवलेल्या शब्दांत एक होता ‘विद्यार्थीनी’. म्हणजे यंत्र ही चूक नुसती खपवून घेत नव्हते, तर दुसऱ्याने वेगळी चूक केली तर त्याला ही सुधारणा म्हणून देत होते.

क्लार्क थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, यंत्र बिघडलेलं नाही. ते आपलं ऐकतंय.”

ज्यांनी हे काम कधी केले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यंत्राजवळ दोन शब्दसंग्रह असतात. एक मुख्य, तो बनवणाऱ्यांनी दिलेला असतो आणि आपल्याला त्यात हात घालता येत नाही. दुसरा आपला स्वतःचा. लाल रेघेच्या शब्दावर जाऊन ‘शब्दकोशात घाला’ असे सांगितले की तो शब्द या दुसऱ्या यादीत जाऊन बसतो. ही यादी म्हणजे काही गूढ नव्हे. एका ओळीवर एक शब्द अशी साधी मजकुराची फाईल असते. मुख्य संग्रह आणि ही यादी यांत यंत्र मान-अपमान पाहत नाही. कोणत्याही एकीत शब्द सापडला की तो शुद्ध. पर्यायांच्या मेनूत जाऊन तपासणीच्या सदरात ही यादी उघडता येते, वाचता येते, एकेक शब्द काढून टाकता येतो. चार वर्षांत आम्ही ती कधी उघडली नव्हती.

त्या दिवशी उघडली. चारशे बारा शब्द निघाले.

पहिली कितीतरी पाने आमची गावेच होती. येळ्ळूर, येळ्ळूरला, येळ्ळूरचा, येळ्ळूरहून. मराठी शब्द विभक्तीचा प्रत्यय लागला की रूप पालटतो आणि ही यादी व्याकरण जाणत नाही. जे रूप दिले तेवढेच तिला कळते. म्हणून एकेका गावाचे पाच-सहा शब्द झाले होते. ‘बेळगाव’च्या जोडीला ‘बेळगावी’ होते, कारण 2014 पासून सरकारी पत्रात तसे लिहावे लागते आणि घरी पूर्वीसारखेच बोलतो. यंत्राला दोन्ही सांगून ठेवलेले. मग आडनावे. मग कुंदा, कुंद्याचा, करदंट, गिरमिट, अव्वा. एका ठिकाणी ‘पायऱ्या’ हा शब्द पाहून मी चक्रावलो. तो तर शुद्धच, त्याला इथे कशाला आणला? क्लार्कनी उलगडा केला. त्यातला रफारासारखा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो. काही कळफलकांवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतात, काहींवर साधा ‘र’ घेऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही ‘पायऱ्या’ अगदी सारख्या दिसतात, पण आतले आकडे वेगळे, म्हणून यंत्राला एक ओळखीची वाटते आणि दुसरी परकी. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि रेघ तर येते. अशा वेळी माणूस वैतागून शब्द यादीत घालून मोकळा होतो. मी तेच केले होते, आणि ते बरोबरच होते.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, ‘विडी कामगार’ आणि ‘विरूपाक्ष’ यांच्या दाटीत बसलेली, ‘विद्यार्थीनी’. तिच्याशिवाय ‘आर्शिवाद’, ‘उज्वल’, ‘तज्ञ’, ‘अनावधानाने’. शेवटच्या शब्दाबद्दल तर मला हसू आले. ‘अनवधानाने’ हा शब्दच कोणाच्या तरी हातून अनवधानाने अशुद्ध होऊन कायमचा शुद्ध झालेला. क्लार्कनी आणि मी मिळून अशा सदतीस चुका मोजल्या. कोणता शब्द कोणी घातला, हे फाईल सांगत नाही. पण ‘विद्यार्थीनी’ मी घातली, हे मला आठवत होते.

2021 चा जून होता. शाळा बंद, वर्ग मोबाईलवर, आणि कोणत्या गावच्या मुलांनी पुस्तके कधी न्यायची याची लांबलचक सूचना मी स्वतः टंकत होतो. पान लाल रेघांनी भरून गेले होते, कारण पानभर गावांचीच नावे. मी एकेका नावावर जाऊन ‘घाला’, ‘घाला’, ‘घाला’ करत सुटलो. नावे सगळी बरोबरच होती, यंत्रालाच ती ठाऊक नव्हती. त्या तालात मधला एक शब्द आला. तो मी वाचलाच नाही. तो आमच्यापैकीच एक असणार असे हाताने ठरवून टाकले.

हे लिहिताना मला त्याच्याही मागचे दिवस आठवतात. लाल नागमोडी रेघ वर्डमध्ये 1995 साली आली. आमच्याकडे संगणक आला तेव्हा मराठी अजून जुन्या फॉन्टांत लिहिली जाई. त्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र ते वेड्यावाकड्या इंग्रजीचे पान वाटे. त्यामुळे शाळेच्या स्मरणिकेचे पहिले पान उघडले की प्रत्येक ओळ लाल. शुद्ध मराठीखालीही रेघ आणि अशुद्धाखालीही रेघ. आम्ही काय करणार? तिच्याकडे पाहायचे सोडून दिले. पुढे युनिकोड आले, यंत्राला मराठी मराठी म्हणून कळू लागली, रेघेला अर्थ आला. पण न पाहायची सवय तोवर पक्की झाली होती. ज्याचे सगळेच चूक ठरवले जाते त्याला स्वतःची खरी चूक दिसेनाशी होते. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुण्याकडचा पाहुणा आपल्या बोलण्याला हसतो, धारवाडकडचा आपल्या कन्नडला हसतो, आणि मग आपण दोघांचेही ऐकायचे बंद करतो. त्यांतला एखादा कधी बरोबर असला तरी.

त्या रेघेपाशी यंत्र तीन वाटा देते. एक, या ठिकाणापुरते दुर्लक्ष करा. दोन, या कागदात सर्वत्र दुर्लक्ष करा. तीन, शब्दकोशात घाला. पहिल्या दोहोंत शब्द संशयितच राहतो, फक्त आज त्याला हटकायचे नाही एवढेच. तिसरीत संशय संपतो, आणि पुढे कोणीही, कोणत्याही कागदावर लिहिले तरी हटकणारा उरत नाही. आपण दुसऱ्यांना क्षमा करतो ती बहुधा पहिल्या प्रकारची असते, मोजून मापून. स्वतःला करतो ती तिसऱ्या प्रकारची.

म्हणून मग स्वतःची यादी ठेवूच नये काय? एका सहकाऱ्यांचे मत पडले की फाईलच पुसून टाका, रोज उठून कटकट नको. मला ते पटले नाही. ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘तूप’, ‘अडकित्ता’ हे शब्द कन्नडातून मराठीत आले आणि आज मुख्य कोशांत मानाने बसले आहेत. कधी काळी कोणीतरी ते प्रथम मराठीत वापरले असतील, तेव्हा ते कोणत्या यादीत होते? ‘अव्वा’ आमच्या घरांत आजही हाक आहे. तिच्याखाली रेघ येऊ द्यायची आणि ‘अवघा’ किंवा ‘अवा’ असले काही पर्याय मुकाट्याने स्वीकारायचे, हे शुद्धलेखन नव्हे. युरोपीय संघाच्या कागदपत्रांत एक गंमत होऊन गेली आहे. काही तपासणी-कोशांत सहकार्यासाठीचा ‘कोऑपरेशन’ हा इंग्रजी शब्द मध्ये जोडरेघ असलेलाच होता. जोडरेघेशिवाय लिहिला की यंत्र त्याजागी कॅलिफोर्नियातल्या ‘क्युपर्टिनो’ गावाचे नाव सुचवी, आणि लोक ते मान्य करून पुढे जात. त्यामुळे देशादेशांतल्या सहकार्याऐवजी क्युपर्टिनोच छापले गेले. आपल्याला जे म्हणायचे होते ते आपणच सांभाळले नाही तर असे होते.

पण स्वतःची यादी ठेवायची तर तिचा न्यायाधीश कोण? लुडविग विट्गेन्स्टाईन या तत्त्ववेत्त्याने यावर जे म्हटले ते एम.ए.च्या वर्षांत वाचले होते, तेव्हा फारसे कळले नव्हते. मरणोत्तर 1953 साली आलेल्या पुस्तकात तो म्हणतो त्याचा आशय असा, की मला जे बरोबर वाटेल तेच बरोबर असे ठरले, तर ‘बरोबर’ या शब्दात काही अर्थच उरत नाही. माझी चारशे बारा शब्दांची यादी अशीच होती. तीत चूक होऊच शकत नव्हती.

याच माणसाबद्दल दुसरी एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा सांगत नाहीत. 1920 ते 1926 तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. तिथे त्याने खेड्यातल्या मुलांसाठी शुद्धलेखनाचा एक शब्दकोश तयार केला. तो 1926 साली छापला गेला. त्याच्या हयातीत त्याची दोनच पुस्तके निघाली, त्यांतले हे एक. चूक मास्तरांनी दाखवण्याऐवजी मुलाने कोश उघडून स्वतः शोधावी आणि आपल्या लिहिण्याची जबाबदारी आपण घ्यावी, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम, पण मास्तर तापट. त्याच वर्षी एका मुलाला मारताना तो मुलगा कोसळला आणि विट्गेन्स्टाईनने नोकरी सोडली. सुमारे दहा वर्षांनी तो त्या गावी परत गेला आणि ज्यांना मारले होते त्यांच्या घरी जाऊन त्याने माफी मागितली. काहींनी मोठ्या मनाने ऐकून घेतले, सगळ्यांनी नाही.

मी कोणाला मारले नव्हते. अर्धा गुण कापला होता, आणि तो नियमाप्रमाणे कापला होता. पण ‘कॉम्प्युटरची चूक आहे’ हे जे मी त्या मुलीला सांगितले, ते दोन दिवस घशात अडकून राहिले.

स्पर्धेचे चौसष्ट पेपर मी पुन्हा काढले. अकरा मुलांनी ‘विद्यार्थीनी’ लिहिले होते, नऊ मुली आणि दोन मुलगे. क्लार्क समोर बसले होते.

“गुण परत देणार सर?”

“ज्यांना आपणच चार वर्षं चुकीचं दाखवलं त्यांचे कसे कापू?”

“पण शब्द चूकच आहे ना? गुण दिले तर तुम्ही पुन्हा तेच केलं की. यादीतून काढलात आणि पेपरात घातलात.”

यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. रात्रभर विचार केला तेव्हा एवढे ध्यानात आले, की आपण ‘चूक’ आणि ‘दोष’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथे घोटाळा होतो. चूक शब्दाची असते. ती कोणी केली, कशी केली, याने ती कमी होत नाही. दोष माणसाचा असतो, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. यंत्राला फक्त चूक कळते. मी चूक दिसेनाशी केली आणि दोष मुलांकडे जाऊ दिला. मग दुसऱ्या दिवशी अकराही पेपरांवरचे लाल वर्तुळ तसेच ठेवले, शेजारी ‘विद्यार्थिनी’ असे लिहिले आणि अर्धा गुण परत दिला. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर दोघे आले. जो मुलगा आधीच पहिला होता त्याने तो शब्द शुद्ध लिहिला होता. त्याला बोलावून सांगितले, तर म्हणाला, “चालतंय की सर.” चालतेच असे मला अजून खात्रीने वाटत नाही. फलकावरची तीच चुकीची सूचना त्यानेही रोज पाहिली होती आणि तरी बरोबर लिहिले. त्याला त्याचे वेगळे काही मिळाले नाही. क्लार्कचेही मत बदललेले नाही.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर सांगितले की प्रमाणपत्रावरची आणि फलकावरची चूक कॉम्प्युटरची नव्हती, ती माझी होती. मागच्या रांगेत थोडे हसू झाले. शिक्षकांपैकी काहींना हे अनावश्यक वाटले, आणि एकांनी तसे मला नंतर बोलूनही दाखवले : उद्या मुले प्रत्येक लाल वर्तुळावर वाद घालतील. घालत आहेत. दोन वेळा मी हरलो.

यादीतल्या सदतीस चुका काढल्या. जुन्या सूचनांच्या फायली उघडून ‘पुन्हा तपासा’ हे बटण दाबले, तेव्हा चार वर्षांच्या पानांवर लाल रेघा उगवल्या. क्लार्कनी आणखी एक सोय दाखवली : जो शब्द मुख्य कोशाप्रमाणे शुद्ध आहे, पण आपल्या हातून भलत्याच जागी पडतो, त्याची एक उलटी यादी करता येते, त्यातला शब्द आला की यंत्र हटकते. मला हे व्रतासारखे वाटले. जगाला जे चालते ते आपण आपल्यापुरते वर्ज्य करायचे. आमच्या उलट्या यादीत सध्या एकच शब्द आहे, ‘दीन’. मागे एका सप्टेंबरात आम्ही ‘शिक्षक दीन’ साजरा केला होता आणि यंत्राला त्यात काहीच वावगे दिसले नव्हते.

त्या मुलीचे नवे प्रमाणपत्र मी स्वतः टंकायला घेतले. तिला शेजारच्या खुर्चीवर बसवले. ‘विद्यार्थिनी’ आले, खाली रेघ नाही. तिचे नाव आले. आमच्या प्रमाणपत्रावर आईचेही नाव असते. ते हजेरीपटावरून पाहून लिहिले आणि त्याखाली लाल रेघ उमटली. माझा हात सवयीने उजव्या बटणाकडे गेला होता. तो मागे घेतला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“बघ. बरोबर आहे का?”

तिने मान पुढे काढून अक्षर अक्षर लावून वाचले.

“न्हाई सर. व ला आनी एक व पायजे.”

“हजेरीवर एकच आहे.”

“हजेरीवर चुकलंय. पहिलीपासनं.”

मी आणखी एक ‘व’ जोडला. लाल रेघ तशीच होती. तिने पुन्हा एकदा वाचले.

“आता?”

“आता बरोबर.”

“घालू?”

“घाला.”